नोंदवहीपासून बाटलीपर्यंत
(लेखमाला: नोंदींची साखळी, भाग ७)

'सोनाका' हे द्राक्षाच्या वाणाचं नाव सोलापूरकरांना नवं नाही. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवड करून हा लांब मण्यांचा वाण पुढे आणला. त्याच्या नावातच त्याचा पत्ता आहे: सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज, का म्हणजे काळे. माल कुठला, कुणाचा, हे तीन अक्षरांत सांगणारं दुसरं नाव मला तरी माहीत नाही. आजचा भाग याच पत्त्याविषयी आहे, फक्त द्राक्षाऐवजी वाईनच्या बाटलीबद्दल.

वाईनसाठी आपल्याला नाशिकला जायचं कारण नाही. अकलूजच्या परिसरात मोटेवाडी, गारवाड आणि निमगावच्या शिवारात फ्रातेल्ली या वाईनरीच्या बागा आहेत. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्यांनी हा उद्योग उभा केला. तस्कनीतले पिएरो मासी वाईन घडवायला इथे आले, आणि तस्कनीचं सांजोव्हेजे हे द्राक्ष माळशिरस तालुक्याच्या उन्हात पिकू लागलं.

आता या बागेतली बाटली मुंबईच्या दुकानात पोचली. लेबलवर जे छापलंय ते खरं कशावरून? महागड्या वाईनच्या जगात हा प्रश्न फार जुना आहे. अमेरिकेत रूडी कुर्नियावान नावाचा माणूस स्वतःच्या घरात वाईन मिसळून, जुनी लेबलं चिकटवून दुर्मीळ म्हणून विकत होता. २०१२ मध्ये त्याला अटक झाली, २०१४ मध्ये १० वर्षांची शिक्षा. त्याच्या बाटल्या मोठमोठ्या लिलावांत विकल्या गेल्या होत्या, म्हणजे जाणकारांची जीभही फसली होती.

ब्लॉकचेन यात काय करते? मागच्या भागातला हॅश, म्हणजे नोंदीच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, आठवा, आणि शेजारी सातबारा ठेवा. सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत, ते कंसात जातं आणि नवा फेरफार क्रमांक पडतो. ब्लॉकचेनही नोंद पुसत नाही, पुढची नोंद जोडते. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश अडकवलेला असतो, आणि वहीची प्रत एका दप्तरात न राहता बाग, वाईनरी, वितरक, बँक अशा अनेकांकडे असते. मागचं पान कुणी बदललं, तर बाकीच्यांच्या प्रतीशी ते जुळत नाही. इटलीत पुलिया प्रांतातल्या कान्तिना व्होल्पोने या वाईनरीने २०१७ मध्ये असा प्रयोग केला, बागेपासून बाटलीपर्यंत.

या पद्धतीचा खरा जोर मला मोजणीत दिसतो. एक टन द्राक्षांतून साधारण ६०० ते ७०० लिटर वाईन निघते. ७५० मिलिलिटरच्या बाटल्या धरल्या तर जास्तीत जास्त ९३३. एखाद्या प्लॉटवरून १० टन माल आल्याची नोंद असेल आणि त्या प्लॉटच्या नावाने १२ हजार बाटल्यांवर क्यूआर कोड लागले, तर साखळी तिथेच अडवू शकते. टाकीत दोन बागांचा रस एकत्र झाला की घड ओळखू येत नाही, पण लिटरचा हिशोब राहतो. मात्र त्यासाठी काट्यावरचं वजन थेट यंत्रातून नोंदलं गेलं पाहिजे, कागदावर लिहून संध्याकाळी चढवलेलं नको.

इथे आपल्या द्राक्षबागायतदारांचा अनुभव जगाला शिकवण्यासारखा आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले. त्यातून तपासणीची कडक चौकट आली आणि २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेने 'ग्रेपनेट' ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू केली. निर्यातीसाठी बागेची कृषी विभागाकडे नोंदणी, फवारणीची वही, प्लॉटवरून उचललेला नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, ॲगमार्क, शेवटी फायटो, म्हणजे रोग-किडींबाबतचं प्रमाणपत्र. एक पायरी पुरी झाल्याशिवाय संगणक पुढची उघडत नाही. युरोपातल्या खोक्यावरून इथला प्लॉट सापडतो. ब्लॉकचेन शब्द आपल्याकडे कुणी उच्चारत नव्हतं तेव्हापासून हे चालू आहे.

तरीही २०१० साल आलं. लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, शेंड्यांची वाढ रोखायला बागेत वापरलं जात होतं. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. इथले अहवाल स्वच्छ आले, माल युरोपात पोचला, तिथे तेच तपासलं गेलं आणि कंटेनर अडकले. आपल्या बागायतदारांनी तो हंगाम सोसला, आणि त्याची सल अजून गेलेली नाही. त्या वर्षी ग्रेपनेटऐवजी ब्लॉकचेन असती, तर तेच अपुरे अहवाल तिने न बदलता येतील असे जपून ठेवले असते. ग्रेपनेटमध्ये कुणी नोंद खोडली नव्हती, प्रश्नच विचारला गेला नव्हता. म्हणून कुणी साखळी विकायला आलं तर माझा पहिला प्रश्न असेल: यादी कोण ठरवतं?

आता ब्लॉकचेनसोबत येणाऱ्या टोकनचा मुद्दा थोडक्यात. वखारीत सोयाबीन ठेवलं की पावती मिळते, पावतीवर बँक तारण कर्ज देते. एकाच पावतीवर दोन बँकांकडून कर्ज उचललं जाऊ नये म्हणून महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने ब्लॉकचेनवरच्या पावत्या आणल्या. पावती गहाण पडली की ती सर्वांच्या वहीत कुलूपबंद. टोकन म्हणजे अशीच वस्तूवरच्या हक्काची पावती. ऑस्ट्रेलियाच्या पेनफोल्ड्सने २०२१ मध्ये एक अख्खं बॅरल असं विकलं, वाईन तयार व्हायच्या आधी. वाईनरीला पैसा दोन-तीन वर्षं पिंपात अडकवून ठेवावा लागतो, त्यामुळे त्यात अर्थ आहे. पण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि मद्य विकायला परवाना लागतो. मोबाइलवर टोकन आहे म्हणून पुण्यातला गुंतवणूकदार बाटल्या विकायला मोकळा होत नाही. शिवाय २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. प्रत्यक्ष वस्तूची मालकी कायदेशीररीत्या सोबत जाणारं टोकन त्यातून वगळलेलं आहे, पण ते सिद्ध करायला कागद पक्के हवेत.

मला काळजी पहिल्या कडीची वाटते. ऑक्टोबर छाटणीची तारीख, कोणत्या ओळीत कोणतं औषध, किती लिटर पाण्यात, काढणीआधी किती दिवस थांबलो, ही माहिती बागेत ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरमागे उभा असलेला माणूस देतो. नोंदीचं ॲप इंग्रजीत असेल, तर रात्री घरी कुणीतरी अंदाजाने बटणं दाबेल, आणि तो अंदाज कायमचा गोठेल. नोंद मराठीत हवी, बोलून करता यावी, आणि चूक झाली तर सातबाऱ्यासारखी दुरुस्तीची उघड नोंद जोडता यावी. बाटलीमागची कहाणी सांगून दुकानदार किंमत वाढवणार असेल, तर ती कहाणी रोज लिहिणाऱ्या बागायतदाराला प्रतिकिलो किती जास्त मिळणार, हे हंगामाआधीच्या करारात आकड्यात लिहिलेलं असावं. तो करार साखळीत कसा बसवतात, ते पुढच्या आठवड्यात पाहू.