टायरची झळाळी आणि घाटाची उतरण



पौष पौर्णिमा जवळ आली की मुरबाड तालुक्यातील म्हसा गावाची आठवण होतेच. म्हसोबाची यात्रा अन् बैलांचा बाजार! ऐन गळिताच्या दिवसांत बैल दमलेले असतात, कुणाला जोड बदलायची असते. पूर्वी मंडळी पायी जात, आता जीप नाहीतर मोटार काढून माळशेज घाट उतरतात. देवाला जायचे म्हणून आदल्या दिवशी अंगणात गाडी धुतली जाते, टायरही काळेभोर केले जातात. हौस चांगली, पण या टायर चमकवण्याबद्दल दोन शब्द सांगावेसे वाटतात.

चूक आमच्याच घरात घडली. पोरांनी जळके ऑइल फडक्यावर घेऊन टायर वरपासून खालपर्यंत पुसून काढले. गाडी नवी नवरी दिसू लागली. पहाटे घाटात दव पडलेले, पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी हातभर सरकली. देवाची कृपा, पुढे कोणी नव्हते. फडके फिरले होते ते रस्त्याला टेकणाऱ्या भागावर!

म्हणून पहिला नियम: चमक फक्त टायरच्या बाजूला, नक्षीवर थेंबही नाही. मोटारसायकलच्या टायरला तर काहीच लावू नये, कारण वळणावर ती कडेवर झुकते. ब्रेकच्या तबकडीला हात लागू देऊ नये. दुसरा नियम: जळके ऑइल, डिझेल, रॉकेल वर्ज्य. त्याने रबर फुगते, मऊ पडते.

मूळ रबर काळे नसते. त्यात काजळी घालतात, त्यामुळे ते टिकाऊ होते आणि उन्हाचा मारा सोसते. तडे पडू नयेत म्हणून कारखान्यात मेणासारखी द्रव्येही मिसळतात. ती हळूहळू वर येतात, म्हणून टायर तपकिरी दिसतो. तो रोग नव्हे.

आता रीत ऐका. गाडी सावलीत, टायर गार असताना घ्यावी. साबणपाण्याने ब्रश मारून चिखल व तपकिरी थर काढावा. पूर्ण वाळू द्यावे, ओल्यावर लावलेले धरत नाही. पाण्यात बनवलेले टायर ड्रेसिंग घ्यावे. स्पंजवर रुपयाएवढे घेऊन बाजूवर पातळ फिरवावे. फवारा थेट टायरवर मारू नये. थोडा वेळ थांबून उरलेले कोरड्या फडक्याने पुसावे. जास्त राहिले, तर चाक फिरताच शिंतोडे उडून पत्र्यावर ठिपके पडतात.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. म्हशाच्या बाजारात बैलाची शिंगे साळून, रंगवून, अंगाला तेल चोळून आणतात. शहाणा शेतकरी त्यावर भुलत नाही. तो तोंड उघडून दात मोजतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो. टायरचेही तसेच! चमक चढवण्याआधी तडे, फुगवटा, रुतलेला खिळा पाहावा. बाजूवरील चार आकडी खूण वाचावी: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. मोटारीच्या नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली, तर टायर कायद्यानेही बाद. गोटा झालेला टायर कितीही काळा केला तरी घाटात धरणार नाही.

ऊस वाहणाऱ्या टायरगाडीला झळाळी नको, तिला योग्य हवा आणि उभी असताना सावली द्या. उन्हात महिनोन्‌महिने उभा टायर चालत्यापेक्षा लवकर तडकतो.

यात्रेला जरूर जा, बैलजोडी पारखून आणा. पण घाट उतरण्याआधी आपल्या गाडीची चारी पावले एकदा पारखा. घरी वाट पाहणारी माणसे टायरची चमक नव्हे, गाडीचा आवाज ऐकायला उभी असतात.