कागदी स्तूपाचा घुमट

भद्रावतीच्या विजासन लेण्यांतील बुद्धमूर्तींची गोलाई खडकातून कोरलेली आहे. कागद मात्र एका वेळी एकाच दिशेने वाकतो. म्हणून नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाची प्रतिकृती करताना विद्यार्थी घुमटापाशी अडतात.

त्रिज्या ७ सेंटिमीटर घेतल्यास घुमटाच्या तळाचा परीघ सुमारे ४४ सेंटिमीटर होतो. त्यासाठी ११ पाकळ्या कापाव्यात : तळाशी रुंदी ४, मध्यावर २.८ आणि लांबी ११ सेंटिमीटर. कडा सरळ कापल्यास घुमटाऐवजी तंबू होतो. प्रत्येक पाकळी पेन्सिलीवरून ओढून वळवावी, आतून कागदी पट्टी लावून सांधावी. डिंक पातळच लावावा. भिजलेला कागद सुरकुततो.

शेवटची पाकळी बसेना, की मुले तिलाच छाटतात. वस्तुतः आधीच्या दहा पाकळ्यांतील बारीक चुका तिच्यापाशी साचलेल्या असतात. त्या शोधून दुरुस्त कराव्यात.