तापलेली हवा आणि हौशी वैमानिक

मे महिन्याच्या दुपारी भिलाईच्या पॉवर हाऊस स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशास हवा जड झाल्यासारखी वाटते. वस्तुतः ती हलकी झालेली असते. पादचाऱ्याचे या गैरसमजाने काही बिघडत नाही. परंतु भिलाईच्या उत्तरेस नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींजवळ जी धावपट्टी आहे, तशा एखाद्या पट्टीवरून दोन आसनांचे हलके विमान घेऊन भर दुपारी निघणाऱ्या हौशी वैमानिकास मात्र हवेचा हा गुण पुरता ठाऊक असावा लागतो.

भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. विमानविद्येत प्रमाण मानलेल्या वातावरणात या उंचीवर तापमान १३ अंश सेल्सिअस धरतात. प्रत्यक्षात पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे तेथील हवा इतकी विरळ होते की, प्रमाण वातावरणात तेवढी विरळता सुमारे १,४५० मीटर उंचीवर आढळावी. विमान उभे असते भिलाईस. त्याच्या पंखांना मात्र महाबळेश्वराच्या माथ्यावरची हवा मिळते. एंजिनाची शक्ती घटते, पंख्याची ओढ मंदावते आणि धाव लांबते. तापमान १० अंशांनी वाढले की धाव सुमारे एक दशांशाने वाढते, असा ठोकळ नियम आहे. पहाटे पुरून उरणारी पट्टी दुपारी अपुरी पडते ती यामुळेच.

हा धोका निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा अधिक कपटी आहे. वेगमापकाचा काटा हवेच्या दाबावर चालतो. विरळ हवेत तो ताशी ८० किलोमीटर दाखवीत असताना विमानाचा खरा वेग ८६ च्या घरात असतो. उतरताना जमीन नेहमीपेक्षा झपाट्याने मागे पळताना दिसते. आपला वेग फाजील झाला, असे नवशिक्यास वाटते व तो नाक वर उचलून वेग कमी करतो. पंखांना मात्र काट्यावरचाच वेग कळतो. येथे डोळ्यांवर विसंबणारा फसतो.

वेग कमी झाला म्हणजे तेवढीच उचल मिळविण्यासाठी पंख व समोरचा वारा यांमधील कोन वाढवावा लागतो. हा कोन सामान्यतः १५ अंशांच्या आसपास गेला की पंखाच्या पाठीवरून वाहणारा प्रवाह सुटतो आणि उचल एकाएकी ढासळते. यास ‘स्टॉल’ म्हणतात. एंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. ते पूर्ण जोमाने चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो. सुमारे दोन हजार उड्डाणे केलेला जर्मन प्रयोगकर्ता ऑटो लिलिएंथाल ९ ऑगस्ट १८९६ रोजी असाच पडला. वाऱ्याच्या झोताने त्याच्या ग्लायडरचे नाक उचलले गेले, असे मानतात. सुमारे १५ मीटरांवरून तो कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला.

विमान वळणात कलले म्हणजे स्टॉल अधिक वेगावरच गाठतो. सरळ उड्डाणात ताशी ६० किलोमीटरांवर स्टॉल होणारे विमान उंची राखून ४५ अंश कलले तर ७१ वर, आणि ६० अंश कलले तर ८५ वर स्टॉल होते. धावपट्टीकडे वळण्याचे अखेरचे वळण चुकले, ते आवळून घेण्यासाठी वैमानिकाने सुकाणू दाबले व दांडी ओढली, की आतला पंख आधी ढासळतो आणि विमान गिरकी घेते. त्या उंचीवर सावरण्यास अवकाश बहुधा उरत नाही.

म्हणून ही चूक उंचावर, शिक्षक शेजारी असताना, मुद्दाम करवून घेतात. पूर्वी असे नव्हते. गिरकीचे नाव काढणेही अशुभ मानावे, अशी वृत्ती होती. १९१७ साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने दुहेरी नियंत्रणाच्या विमानात शिष्यास बसवून, बोलण्याच्या नळीतून सूचना देत, भयप्रद वाटणाऱ्या हालचाली शिकविण्याचा पायंडा पाडला. पुण्याजवळील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात शिकलेल्यांनाही ही परंपरा अनोळखी नाही.

तेथे ग्लायडर विंचच्या दोराने वर ओढले जाते. चढताना नाक उंच असते. अशा वेळी दोर तुटला तर क्षणार्धात वेग सरतो. यासाठी शिक्षक कधी न सांगता दोर सोडून देतो आणि गप्प बसतो. मैदान पुढे किती उरले, वळावे की सरळ उतरावे, हे प्रश्न शिष्याच्या मनात एकदम गर्दी करतात. शिक्षकाचे लक्ष त्यांपैकी कशाकडेही नसते. शिष्याने आधी नाक खाली केले की नाही व काटा पुन्हा योग्य वेगावर येईपर्यंत वळण टाळले की नाही, एवढेच तो पाहत असतो. उत्तर नकारार्थी असेल, तर एकट्याने उडण्याची परवानगी लांबते आणि दोर पुन्हा जोडला जातो.