नावापुरता संचालक

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक लागतात. धंदा करणारा एकटाच असला की दुसरे नाव घरातले पडते: आई, बायको, धाकटा भाऊ. ‘तुला काही करायचं नाही, फक्त सही दे’ असे सांगितले जाते आणि पॅन, आधार, फोटो सीएकडे जातात. कायदा मात्र नावापुरता संचालक ओळखत नाही.

2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 166 प्रत्येक संचालकाला लागू आहे. कंपनीच्या हितासाठी प्रामाणिकपणे वागायचे, काळजीपूर्वक आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा, स्वतःचा स्वार्थ कंपनीच्या हिताच्या आड येऊ द्यायचा नाही, गैरलाभ घेतलाच तर तेवढी रक्कम कंपनीला भरून द्यायची. हे मोडले तर 1 ते 5 लाख रुपये दंड आहे.

‘लिमिटेड’ म्हणजे जबाबदारी मर्यादित, हे खरे; पण ते भागधारकापुरते. शेअरचे पैसे भरले की तो मोकळा. संचालकाचे तसे नाही. कंपनीकडून कसूर झाली की कायदा आधी व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालकाला धरतो. छोट्या कंपनीत असे कोणी रीतसर नेमलेले नसते. मग मंडळाने ज्याच्यावर ती जबाबदारी टाकली असेल तो संचालक. तसेही कोणी ठरवलेले नसेल, तर सगळेच संचालक. घरच्या कंपन्यांत बहुधा ही शेवटची पायरीच लागू पडते, आणि सही घेताना हे कोणी समजावून सांगत नाही, याची मला खरोखर चीड येते.

आयकराचेही तसेच. खासगी कंपनीकडून थकलेला कर वसूल होत नसेल, तर त्या वर्षी संचालक असलेल्यांकडून तो वसूल करता येतो. आपण गंभीर हलगर्जीपणा केला नाही, हे त्यांनीच सिद्ध करायचे.

चेक न वटण्याच्या खटल्यात थोडा दिलासा आहे. एसएमएस फार्मास्युटिकल्स खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ संचालक असणे पुरेसे नाही; त्या वेळी कंपनीचा कारभार त्या व्यक्तीच्या हाती होता, असे तक्रारीत म्हटलेले हवे. मात्र चेकवर सही करणाऱ्याला ही वाट बंद. म्हणून मुलाच्या सोयीसाठी कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवू नका.

सलग तीन वर्षे ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे गेले नाही, की संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. 2017 मध्ये सरकारने अशा 3 लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. धंदा बंद पडला म्हणून कागद थांबवले, तरी हा नियम थांबत नाही.

बाहेर पडायचे तर राजीनामा लेखी द्या आणि पोच घ्या. कंपनीच्या हाती तो पडला, त्या दिवसापासून किंवा त्यात लिहिलेल्या तारखेपासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून तो लागू होतो. कंपनीने निबंधकाला कळवले नाही, तर डीआयआर-11 फॉर्म भरून तुम्ही स्वतः कळवू शकता. पदावर असतानाच्या काळातली जबाबदारी मात्र राजीनाम्यानंतरही राहते.

पदावर राहायचे असेल, तर सभेचे इतिवृत्त वाचा, न पटलेल्या ठरावाला विरोध नोंदवून घ्या. आणि तुमच्या डिजिटल सहीचे टोकन सीएच्या कपाटात पडले असेल, तर ते आजच मागून घ्या.