संघात नाव आहे, पण खेळणार नाही!

निवड झालेल्या खेळाडूने ‘या संघाकडून मी खेळणार नाही’ असे म्हणावे, हे आपल्याकडे अजून कानाला खटकते. आमच्या नाशकात गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे घाम गाळणारी मुले पाहा. कोणत्या का संघात होईना, नाव लागावे म्हणून देव पाण्यात घालून बसलेली! आयपीएलच्या लिलावात दिल्लीने घेतलेला इंग्लंडचा हॅरी ब्रूक २०२५ साली येत नाही म्हणाला आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, तेव्हा माझा भाचा म्हणाला, “बरी खोड मोडली, मामा! घेतलंय तर खेळायला नको?”

अमेरिकेतल्या फुटबॉलची तऱ्हा आणखी निराळी. तिथे तळाला राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते; कुठे जायचे हे खेळाडूला कोण विचारतो? तरीही २००४ साली एली मॅनिंगने सॅन डिएगोकडून खेळणार नाही असे आधीच बजावले. संघाने त्याला निवडले खरे, पण त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या हवाली केले.

पण वाचकहो, नकाराची आपल्या घरची गोष्ट याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिच्यात पैशाचा किंवा शहराचा प्रश्नच नव्हता.

पळवणकर बंधूंची ही गोष्ट. थोरले बाळू अस्पृश्य मानलेल्या चर्मकार कुटुंबातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, एवढीच त्यांची नोकरी. डाव्या हाताची फिरकी मात्र अशी, की हिंदूंच्या संघाला त्यांना घेणे भाग पडले. मैदानात सोबती त्यांनी टाकलेला चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात चहा! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद काही त्यांच्या वाट्याला आले नाही.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत तर बाळूंना संघातूनच वगळले. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी दि. ब. देवधर आले, अनुभवाने ज्येष्ठ असलेले बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल बाजूला राहिले. देवधर मोठे खेळाडू होते, यात वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीपायी अन्याय होतो आहे, हे उघड निवेदन काढून सांगितले.

यात त्यांनी काय पणाला लावले, ते पाहा. आयपीएल सोडणाऱ्याला दुसरे संघ असतात, दुसरे देश असतात. चौरंगीत मात्र युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चारच संघ. हिंदूंचा संघ सोडला की जायचे कुठे? घरीच!

नकार वाया गेला नाही. पुढच्या सामन्याला बाळू उपकर्णधार म्हणून परतले, भाऊही परतले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघ बाळूंनी सांभाळला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी चौरंगी जिंकली. तीन वर्षांपूर्वी दोघे भाऊ मुकाट्याने खेळले असते, तर हा दिवस उजाडता ना!

मात्र विजयाचा गुलाल फार दूर उडाला नाही. सात वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, आमच्याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला, आणि दारे बंदच राहिली. ज्यांच्या जोरावर ‘हिंदू’ नावाचा संघ जिंकला, त्यांच्या समाजाला हिंदूंच्या देवळाचा उंबरा ओलांडता येत नव्हता! १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. चौरंगीतल्या नकारापेक्षा हा नकार फार मोठा होता.

तेव्हा एखादा खेळाडू नाही म्हणाला, की त्याला लगेच उद्धट ठरवू नये. संघाने त्याला कसे वागवले, तेही एकदा विचारावे.