प्राण्यांची चित्रपुस्तकं वर्गात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बालवाडी ते दुसरीच्या वर्गात प्राण्यांच्या चित्रपुस्तकांवर मुलांच्या उड्या पडतात. त्यांच्या वापराबद्दलच्या काही समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: मूल वाचू लागलं की चित्रपुस्तकाचं काम संपतं.
वस्तुस्थिती: चित्र वाचणं हेही वाचनच आहे. ‘ससा घाबरलाय हे कशावरून ओळखलंस?’ असं विचारलं की मूल कान, डोळे, अंग चोरून बसणं न्याहाळतं आणि उत्तराला कारण देतं. दुसरीतल्या मुलालाही ही सवय हवी.

गैरसमज: बोलणाऱ्या, कपडे घातलेल्या प्राण्यांमुळे माहिती लवकर कळते.
वस्तुस्थिती: टोरोंटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानेआ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राण्यांना माणसासारखं रंगवणारी पुस्तकं ऐकलेल्या मुलांना त्या प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी सांगता आली. म्हणून गोष्टीसाठी बोलका कोल्हा जरूर घ्यावा. परिसर अभ्यासासाठी खराखुरा कोल्हा दाखवणारं पुस्तक निवडावं.

गैरसमज: प्राण्यांच्या गोष्टीतला बोध आपोआप रुजतो.
वस्तुस्थिती: गानेआ यांच्याच गटाने चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट ऐकवली. पात्रं माणसांची होती तेव्हा मुलांनी स्वतःचे स्टिकर इतरांना जास्त दिले. तीच पात्रं प्राण्यांची केल्यावर तसा परिणाम दिसला नाही. पंचतंत्र सोडायचं कारण नाही, पण ‘आपल्या वर्गात असं कधी होतं?’ हा प्रश्न बाईंनी विचारायलाच हवा.

गैरसमज: छापलेलं चित्र बरोबरच असतं.
वस्तुस्थिती: पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर काढलेले सर्रास दिसतात. हे अस्वल उत्तर ध्रुवाकडचं. अंटार्क्टिकात ते नाहीच. एरिक कार्ल यांच्या १९६९ च्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’मधली अळी केक आणि आइस्क्रीमही फस्त करते. ते वाचून झालं की मुलांना कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडापाशी न्यावं. तिथली अळी काय खाते, हे मुलं स्वतः पाहतील आणि पुस्तकाशी ताडून बघतील.

गैरसमज: चांगली पुस्तकं छोट्या शाळेला परवडत नाहीत.
वस्तुस्थिती: प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून खुल्या परवान्याची पुस्तकं आहेत. त्यातली मराठी पुस्तकं मोफत वाचता येतात, उतरवून छापताही येतात.

पुस्तक उघडण्याआधी शिक्षकाने एवढंच ठरवावं: आज गोष्ट रंगवायची आहे की प्राणी ओळखायचा आहे? त्यावरून पुस्तकही ठरेल आणि मुलांना विचारायचे प्रश्नही.