टायग : एका गेलिक विशेषनामाचा अर्थापकर्ष

विशेषनाम व्यक्तीचा केवळ निर्देश करते, तिच्या गुणांचा बोध करून देत नाही, असा सिद्धांत जॉन स्टुअर्ट मिल याने आपल्या १८४३ च्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात मांडला. भाषेच्या प्रत्यक्ष इतिहासात मात्र विशेषनामांना अर्थ चिकटतात, आणि ते नेहमीच निरुपद्रवी असतात असे नाही. आयर्लंडमधील ‘टायग’ हे पुरुषनाम या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

या नामाच्या आयरिश लेखनात टी, ए, डी, एच, जी अशी पाच अक्षरे येतात. त्यांतील ‘डीएच’ या जोडाक्षराचा मूळ घर्षक ध्वनी कालांतराने लोपून पूर्वीच्या स्वराशी एकरूप झाला. आद्य व्यंजन दंत्य असल्यामुळे मूळ उच्चार मराठी ‘तायग’ याला अधिक जवळचा आहे. इंग्रजी उच्चारात तो ‘टायग’ होतो. संबोधनात आद्य ‘त’चा ‘ह’ होतो, म्हणजे हाक मारताना ‘हायग’ असे म्हणतात.

या नामाचा अर्थ परंपरेने ‘कवी’ असा दिला जातो. गॉलमधील कार्नूट जमातीच्या तास्गेतियस या राजाचा उल्लेख सीझरच्या वृत्तांतात आहे. त्या नामातील आद्य घटक याच धातूशी संबद्ध असावा आणि त्याचा मूळ अर्थ बिळे खणणारा ‘बॅजर’ हा प्राणी असावा, असेही एक मत आहे. मूळ काहीही असो, आयरिश समाजात हे नाव प्रतिष्ठित होते यात संशय नाही. इ. स. १०१४ च्या क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू या राजाच्या एका पुत्राचे हेच नाव होते. सोळाव्या शतकातील श्रेष्ठ दरबारी कवी टायग डॉल ओ हिगिन यानेही ते धारण केले होते. मॅककेग व टाय ही आडनावे याच नामापासून निघाली.

सतराव्या शतकाच्या आरंभी या प्रतिष्ठेचा आधारच ढासळला. किन्सेलचा पराभव (१६०१), गेलिक सरदारांचे देशांतर (१६०७) आणि त्यानंतर अल्स्टर प्रांतात झालेली इंग्रज व स्कॉट लोकांची वसाहत यांमुळे कवींना पोसणारी राजकुळे नष्ट झाली. नाव मात्र सामान्य जनांत विपुल राहिले. या विपुलतेमुळेच ते इंग्रजांच्या तोंडी ‘टीग’ या रूपात कोणाही आयरिश मनुष्याचे टोपणनाव झाले. रॉबर्ट हॉवर्ड याच्या ‘द कमिटी’ (१६६२) या नाटकातील भोळसट आयरिश सेवकाचे नाव हेच आहे, आणि १६८८ च्या राज्यक्रांतीच्या सुमारास गाजलेल्या ‘लिलिबुलेरो’ या उपहासगीतातील आयरिश पात्रही ‘टीग’ म्हणूनच संबोधिले जाते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. मराठीत कळलाव्या मनुष्यास ‘नारद’ म्हणतात, तेव्हा एका विशिष्ट व्यक्तिरेखेचा गुण लक्षणेने दुसऱ्यास लावला जातो. ‘टीग’च्या मागे अशी व्यक्तिरेखा नाही, नामाची केवळ वारंवारता तेथे अर्थाचे कारण झाली. ‘सोम्यागोम्या’ हा मराठी प्रयोग त्यास अधिक जवळचा आहे. खुद्द आयरिश भाषेतही असा अर्थविस्तार घडलेला दिसतो. ‘बाजारातला टायग’ म्हणजे सर्वसामान्य माणूस आणि ‘दोन्ही बाजूंचा टायग’ म्हणजे दुतोंडी मनुष्य. परंतु हे प्रयोग स्वकीयांचे असल्याने त्यांत थट्टा असली तरी तिरस्कार नाही. परक्याच्या मुखी गेल्यावर तोच शब्द एका समाजाला एकाच मापाने मोजू लागतो.

या अपकर्षाची परमावधी उत्तर आयर्लंडमध्ये झाली. तेथे ‘टेग’ हे रूप कॅथलिकांविषयीची शिवी म्हणून रूढ झाले, आणि १९६९ नंतरच्या संघर्षकाळात त्यांच्या हत्येचे आवाहन करणाऱ्या घोषणांत ते भिंतींवर लिहिले गेले. नावावरून समोरच्याचा पंथ ताडण्याची सवय ज्या समाजात होती, तेथे हा केवळ शब्दार्थाचा प्रश्न नव्हता. १९९८ च्या शांतताकराराने सशस्त्र संघर्ष बव्हंशी थांबविला. तथापि शब्दाची धार त्यामुळे गेली नाही आणि तो आजही अत्यंत अपमानकारक मानला जातो.

दुसरीकडे, इंग्रजी अमदानीत अनेक कुटुंबांनी या नामाऐवजी टिमथी किंवा थॅडियस ही नावे कागदोपत्री स्वीकारली. टिमथी ग्रीक, तर थॅडियस बायबलातील; दोहोंचाही मूळ नामाशी व्युत्पत्तीचा संबंध नाही, असलेच तर थोडे ध्वनिसाम्य आहे. गेलिक पुनरुज्जीवनानंतर मूळ रूप परत आले, आणि अलीकडील वर्षांत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात ते मुलांच्या विशेष लोकप्रिय नावांपैकी एक ठरले आहे.

अशा रीतीने एकाच नामाची दोन रूपे आज शेजारी शेजारी नांदत आहेत : एक पाळण्यात, दुसरे शिवीत. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून ठरत नाही. तो कोण, कोणास व कोणत्या हेतूने उच्चारतो यावरून ठरतो, या अर्थविचारातील तत्त्वाचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.